सुकल्यावर गडद होणारा निळा

आज चार तास सरांच्या शेजारी बसून ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढायला शिकले. नखांत अजून निळा रंग आहे आणि मन अगदी भरून आलंय.

पॅलेटवर मनासारखी जमलेली छटा कॅनव्हासवर सुकली की गडद का होते, हे कोडं आज सुटलं. सर म्हणाले, "रंगातलं बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारं द्रव्य, ओलं असताना दुधासारखं पांढुरकं दिसतं, सुकलं की पारदर्शक होतं." मग कागदाच्या कपट्यावर निळ्याचा फटकारा मारून सुकवला आणि ओल्या रंगाशेजारी धरला. केवढा फरक! म्हणजे छटा थोडी उजळच कालवायची.

ग्लेझिंग, म्हणजे सुकलेल्या रंगावर दुसऱ्या रंगाचा पारदर्शक थर देणं, तर बघतच राहिले. पिवळा पूर्ण सुकू दिला, मग भरपूर ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणाऱ्या द्रव्यात) निळ्याचा एक थेंब मिसळून वरून पातळ थर. हिरवा असा आतून उजळला की पॅलेटवर कालवलेला हिरवा मातकटच वाटला. मीडियमऐवजी नुसतं पाणी वाढवलं तर थर कमकुवत होतो, हेही आजच कळलं.

आणि हो, बोलण्याच्या नादातही सरांचा एकही ब्रश पाण्याबाहेर सुकला नाही.

पुढच्या वेळी आकाश. ओल्यात ओलं मिसळायचं, तेही रंग सुकायच्या आत!