हॉटेलात "तेल कमी घाला" सांगून भागत नाही, ग्रेव्ही कोणती ते विचारा

आमच्या बाबांना शुगर आहे, त्यात बीपीची गोळी, पण म्हणून त्यांनी बाहेर जेवायचंच नाही हे मला अजिबात पटत नाही. फक्त ऑर्डर देताना थोडं डोकं लावावं लागतं.

बहुतेक फॅमिली रेस्टॉरंटमध्ये भाज्यांच्या ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. व्हाइट म्हणजे कांदा, काजू, मगज (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया), रेड म्हणजे टोमॅटो, काजू, बटर, आणि ब्राउन म्हणजे भरपूर तेलात परतलेला कांदा. ऑर्डर आली की पॅनमध्ये एक-दोन डाव ग्रेव्ही, त्यात पनीर नाहीतर कोफ्ता, वरून क्रीम, झाली भाजी. आता वेटरला "दादा, तेल कमी" सांगितलं तरी तो बिचारा काय करणार, तेल तर आधीच ग्रेव्हीत गेलेलं असतं! आणि वर जो तवंग दिसतो ना, त्यातल्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात.

म्हणून आम्ही सरळ विचारतो की ताजं फोडणीला टाकून काय मिळेल. लसूणी मेथी, भेंडी, साधी डाळ, पिठलं, कुठे मिळाली तर मटकीची उसळ. यात कमी तेल सांगितलं तर खरंच कमी पडतं. नॉनव्हेजवाल्यांना तंदुरी चिकन, माशाची तुकडी तव्यावरची, छान पर्याय आहेत.

रोटीचं पण बघा. नान तर मैद्याचाच, पण तंदुरी रोटीतसुद्धा बऱ्याच ठिकाणी मैदा मिसळतात, त्यामुळे ज्वारीची भाकरी असेल तर तीच घ्यायची, आणि "बटर लावू नका" हे आधीच सांगायचं कारण लावून आल्यावर काही करता येत नाही. मिसळ खायची तर कट वेगळ्या वाटीत मागा, फरसाण पण वेगळं, मटकी जास्त घ्या. सूप हलकं म्हणून लोक मंचाव मागवतात, पण त्यात कॉर्नफ्लोअर असतं, सोया सॉसमधून मीठ जातं ते वेगळंच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं डब्ल्यूएचओ सांगते, बीपीवाल्यांनी हे धरूनच चालावं. त्यापेक्षा साधं ताक मागवा, मीठ न घातलेलं.

१० किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहिणं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ च्या जुलैपासून बंधनकारक केलंय, तिथे आकडे नक्की वाचा. पण आपण दर रविवारी जातो ती कोपऱ्यावरची हॉटेलं यात येत नाहीत. कॅलरीचं राहू दे, त्यांनी मेन्यूत भाजीच्या नावापुढे निदान काजू, क्रीम, बटर आहे का एवढं लिहिलं तरी घरात पेशंट असलेल्यांची खूप सोय होईल, आणि हे आपण गिऱ्हाईकांनीच मालकाकडे मागायला पाहिजे.