तो आवाज व्हायोलिनचाच आहे

व्हायोलिन वाजवते म्हटलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कार्यक्रमानंतर श्रोते विचारतात, मुलांना क्लासला सोडायला आलेले पालक विचारतात: ‘सायको’ सिनेमात बाथरूममधल्या खुनाच्या वेळी जे किंचाळल्यासारखं वाजतं, ते नक्की काय आहे? कुणाला तो पक्ष्याचा आवाज वाटतो, कुणाला सिंथेसायझर, तर कुणाला यंत्रातून काढलेली बाईची किंकाळी. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. ती व्हायोलिनं आहेत. सोबत व्हायोला, चेलो आणि डबल बास, म्हणजे व्हायोलिनचीच क्रमाने मोठी, खालच्या सुरांची भावंडं. सबंध सिनेमाचं संगीत एवढ्यावरच उभं आहे. ट्रम्पेट नाही, बासरी नाही, ड्रम नाही.

हे संगीत बर्नार्ड हर्मनचं, सिनेमा आल्फ्रेड हिचकॉकचा, साल १९६०. हर्मनला वाद्यांची वानवा नव्हती. १९५१ साली परग्रहावरच्या पाहुण्याच्या एका सिनेमासाठी त्याने थेरेमिन हे विजेवर चालणारं वाद्य वापरलं होतं, तेही दोन-दोन. चमत्कारिक आवाज कसे काढायचे हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. तरी ‘सायको’साठी त्याने फक्त तारा निवडल्या. कमी खर्चात, कृष्णधवल चित्रित केलेला सिनेमा होता. त्याला आवाजही काळा-पांढराच द्यायचा, असं त्याने पुढे सांगितलं. हॉलिवूडमध्ये व्हायोलिनांचा ताफा म्हणजे बहुतेक वेळा प्रेमप्रसंग. तोच ताफा हर्मनने इथे भीतीच्या कामाला लावला.

पण ‘व्हायोलिन’ एवढं उत्तर देऊन मला थांबवत नाही, कारण खरी करामत त्या किंचाळण्याच्या आधी झालेली असते.

आमच्याकडे म्यूट नावाची एक छोटी वस्तू असते, बहुधा रबराची. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकलेल्या असतात ती घोडी. म्यूट तिच्यावर बसवला की घोडीचं थरथरणं दबतं, आवाजातली चकाकी जाते आणि सूर घशातल्या घशात राहिल्यासारखा येतो. एरवी आपण तो हळुवार जागांसाठी लावतो. हर्मनने खुनाच्या प्रसंगापर्यंतचं सगळं संगीत म्यूट लावून वाजवायला लिहिलं आहे. धावतं, आदळणारं सुरुवातीचं संगीतसुद्धा! गजाला जोर पूर्ण आणि घोडीवर मात्र दाब, हे मी स्वतः वाजवून बघितलं आहे. हाताला समजतं की आवाज बाहेर पडू पाहतोय आणि पडत नाहीये. प्रेक्षकाला यातलं काही माहीत नसतं. त्याचे कान मात्र पाऊण तास त्या कोंडलेल्या आवाजाला सरावत जातात.

आता सुरुवातीचं संगीत घ्या. पडद्यावर नुसत्या रेघा सरकतात, नावं तुटतात आणि जुळतात. खाली एक स्वरसमूह पुन्हा पुन्हा आपटत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. पटदीप शिकलेल्याला हे स्वर घरचे वाटतील. दुपारच्या त्या रागात ते किती आर्जवी लागतात! तिथे ते एकामागून एक येतात, ‘नी’वर टेकून श्वास घेता येतो आणि मग सा गाठता येतो. हर्मन चारही स्वर एका ठोक्यात वाजवतो आणि ‘नी’ची ‘सा’कडे जायची ओढ तशीच लोंबकळत ठेवतो. कोमल गंधाराचा विषाद आणि शुद्ध निषादाची तहान एकाच क्षणी अंगावर येतात. माझ्या मते सिनेमाची भीती इथेच सुरू होते, चाकू दिसण्याच्या कितीतरी आधी.

मला सर्वांत जास्त भिववतो तो बॅग भरण्याचा प्रसंग. बाथरूमचा नंबर माझ्या लेखी त्यानंतर लागतो. फिनिक्स शहर, शुक्रवारची दुपार, खोलीत उजेड. जॅनेट लीने केलेली मॅरियन कपड्यांच्या घड्या घालते आहे. पलंगावर मालकाने बँकेत भरायला दिलेल्या चाळीस हजार डॉलरचं पाकीट पडलंय. कुणीही काही बोलत नाही. तारांवर एक लहानसा तुकडा फिरत राहतो, पुढे जात नाही, थांबतही नाही. कॅमेरा पाकिटावर जातो, तिच्यावर येतो, परत पाकिटावर. चोरी करायची की नाही हे तिचं ठरलेलं आहे आणि नाहीही, हे संवादाविना आपल्यापर्यंत पोचतं ते त्या तुकड्यामुळे. आवाज बंद करून बघा: एक बाई प्रवासाला निघाली आहे, एवढंच दिसतं.

आणि मग पैसे घेऊन पळालेली मॅरियन उतरते त्या मोटेलची रात्र. बाथरूममधला खून तिचाच. हिचकॉकला बाथरूमच्या प्रसंगात संगीत नकोच होतं, नुसतं पाणी आणि झटापट हवी होती. हर्मनने तरीही लिहिलं. तोवर हिचकॉक सिनेमावर नाराज होता, कापून टीव्हीवर तासाभरात दाखवावा असं त्याच्या मनात घोळत होतं. हर्मनने संगीतासकट प्रसंग दाखवला आणि हिचकॉकने ‘संगीत नको’ हा आपला हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. सिनेमाच्या परिणामात ३३ टक्के वाटा संगीताचा, हा हिशोबही पुढे त्यानेच सांगितला.

त्या क्षणी म्यूट उतरलेले असतात. सगळ्यात वरच्या सप्तकात एकच स्वर ठोक्याठोक्याने येतो. मग त्याच्याशी अर्ध्या स्वराने भांडणारा दुसरा, खालच्या सप्तकात. मग आणखी एक गट, आणखी खाली. सा आणि कोमल रे एकदम धरून बघा, कानात कुसळ गेल्यासारखं होतं. इथे तसली भांडणं थरावर थर चढत जातात. पुढे त्या ठोक्यांना मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जोडली जाते, प्रत्येक स्वर वर ओरबाडत जातो. हे वाजवताना गज तारेवर दाबून एका झटक्यात ओढावा लागतो, खरखर ऐकू आली तरी चालते, किंबहुना यायलाच हवी. शेवटी वरचे सूर गळतात आणि चेलो-डबल बास खाली जड पावलं टाकतात. तीही थांबतात.

कॅलिफोर्नियात डॅनियल ब्लमस्टाइन या मार्मोट नावाच्या खारीच्या जातीतल्या प्राण्यांच्या अभ्यासकाने सिनेमांचे ध्वनिपट तपासले होते. घाबरलेल्या प्राण्याच्या ओरडण्यातला खरखरीतपणा भयपटांतही सापडतो, असं त्याचं निरीक्षण. मला ते पटतं, पण अर्धंच. नुसत्या कर्कशपणाने माणूस दचकतो आणि विसरतो. ‘सायको’ साठ वर्षांनंतरही अंगावर येतो, कारण आधी इतका वेळ कोंडलेला आवाज तिथे सुटतो.

यंत्राचा अंदाज करणाऱ्यांचाही फार दोष नाही. हिचकॉक-हर्मन जोडीच्याच १९६३ सालच्या ‘द बर्ड्स’मध्ये पक्ष्यांचे कितीतरी आवाज ट्राउटोनियम या जर्मन विद्युत वाद्यातून काढले आहेत, ते वाजवलं ऑस्कर साला या वादकाने. हर्मन तिथे ध्वनीचा सल्लागार होता आणि पार्श्वसंगीत असं काही नाहीच.

यापुढचा प्रश्न ठरलेला: नुसतं संगीत कुठलं ऐकू? हर्मनने १९७५ मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षात, लंडनच्या नॅशनल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून सगळं संगीत वाजवून घेतलं. लय सिनेमापेक्षा संथ आहे, म्हणून प्रत्येक वाद्याचा गट सुटा ऐकू येतो. शिकणाऱ्यांना मी तेच ऐकायला सांगते. खुनाचा तुकडा मात्र मूळ सिनेमातल्याच लयीत ऐका. संथ लयीत त्यातली मांडणी कळते, पण पळायला वाव मिळतो, आणि तो तिथे मिळता कामा नये.