ताव्हर्निए यांच्या ल्योंमध्ये सिनेमे बघताना

फ्रेंच दिग्दर्शक बेर्त्राँ ताव्हर्निए मार्च २०२१ मध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या ल्युमिएर चित्रपट महोत्सवाने त्यांचे सिनेमे पुन्हा मोठ्या पडद्यावर आणून त्यांना मानवंदना दिली. ते जन्माने ल्योंचेच, शिवाय महोत्सव भरवणाऱ्या ल्युमिएर इन्स्टिट्यूटचे १९८२ पासून अध्यक्ष. (गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाने त्यांना २०११ मध्ये जीवनगौरव दिला होता.) ल्युमिएर महोत्सव दर ऑक्टोबरात भरतो आणि त्यात जुन्या सिनेमांचाच भरणा असतो. जाणार असाल तर पुढचं उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठी अडचण सबटायटल्सची. कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हीओएसटीएफ’ दिसलं की मूळ भाषा आणि खाली फ्रेंच अक्षरं, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेंच सिनेमाला बहुतेक वेळा खाली काहीच नसतं. म्हणजे फ्रेंच दिग्दर्शकाच्या खेळांनाच आपली पंचाईत! खेळागणिक इंग्रजी सबटायटल्सची नोंद आहे का ते बघूनच तिकीट काढा. नसेल, तर तो सिनेमा घरी सबटायटल्ससह बघून जा.

एकच निवडायचा तर त्यांचा पहिला मोठा सिनेमा, ‘लॉर्लोजे द सँ-पॉल’ (१९७४). मूळ कादंबरी सिमनोंची, घडते अमेरिकेत. ताव्हर्निएंनी ती उचलून ल्योंत आणली. नट फिलीप न्वारे यात घड्याळजी झालाय. सिनेमाच्या आधी ल्योंच्या सँ-पॉल भागात दोन तास पायी फिरा: सोन नदीकाठची जुनी घरं आणि एका गल्लीतून आत शिरून दुसरीत बाहेर काढणारे ‘त्राबूल’. काही त्राबूल खाजगी इमारतींतून जातात; दार उघडं असेल तरच आत जा, आणि आवाज करू नका.

तिथून व्ह्यू-ल्यों स्थानकावर मेट्रोची डी लाइन धरा, गार द व्हेनिस्यूच्या दिशेची. मोंप्लेझिर-ल्युमिएरला उतरा, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. इन्स्टिट्यूट तिथून जवळच, रस्त्याचं नावच ‘पहिल्या सिनेमाचा रस्ता’. १८९५ मध्ये कामगार कारखान्यातून बाहेर पडताना ल्युमिएर बंधूंनी कॅमेऱ्यात टिपले ते इथेच. कारखान्याच्या त्या शेडचा लाकडी सांगाडा राखून खाली आता चित्रपटगृह केलंय. वर नजर टाकल्याशिवाय बसू नका.

वेळापत्रक ठासून भरू नका. खेळाआधी कुणीतरी बोलतं आणि बोलणं लांबतं. ताव्हर्निएंचा ‘कू द तोर्शों’ दोन तासांच्या वर, त्यांचा फ्रेंच सिनेमावरचा माहितीपट तर तीन तासांहून मोठा. त्यात चित्रपटगृहं शहरभर विखुरलेली. दोन खेळांमध्ये निदान तासाभराची फट ठेवा, नाहीतर दुसऱ्याचं तिकीट वाया जातं.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दोन तास लागतात. विमानतळावरून पार-दिय रेल्वे स्थानकाला जाणाऱ्या र्‍होनएक्सप्रेस ट्रामला मेट्रोचं साधं तिकीट चालत नाही, वेगळं घ्यावं लागतं.