आयलाला निघालात? मग हे वाचून जा

आधी उच्चाराचं मिटवू. स्पेलिंग काहीही असो, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटाचं नाव 'आयला'. ग्लासगोला राहणारा मेव्हणा फोनवर म्हणाला, "दाजी, सप्टेंबरात या, आयला!" तेव्हा मला वाटलं, बायकोच्या धाकट्या भावाने अखेर मला शिवी घातली. पुढे चार दिवस कुठलीही बाटली उघडली की आम्ही तिघे तेच ओरडत होतो, आणि आजूबाजूच्यांना वाटत होतं की आम्हाला बेट फार आवडलंय. आवडलं होतंच.

बेट तसं लहान, पण व्हिस्की गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या दहा. लफ्रॉइग, लॅगावूलिन, आर्डबेग, बोमोर, ब्रूकलॅडी, कूल ईला, बुनाहावेन ही जुनी मंडळी. किलहोमन २००५ची, आर्डनाहो त्याहून धाकटी. पोर्ट एलन १९८३ साली बंद पडली होती, ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. चार दिवसांत दहा बघायच्या म्हटलं तर होईल, पण शेवटच्या पाच तुम्हाला आठवणार नाहीत. आम्ही सहा केल्या. मला विचाराल तर चार पुरेत.

जायचं असं. ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने, इन्व्हरेरीवरून केनाक्रेगच्या धक्क्यावर. गाडीला तीन तास धरा. तिथून फेरीबोट, सव्वादोन तासांच्या आसपास. ती कधी पोर्ट एलनला लागते, कधी पोर्ट अस्केगला, तेव्हा तिकीट काढताना बंदर बघून घ्या. गाडी न्यायची तर तिची जागा कित्येक आठवडे आधी राखून ठेवा. पायी जाणाऱ्यांना सोपं आहे, ग्लासगोहून धक्क्यापर्यंत बस येते. वारा सुटला की फेरी रद्द होते, म्हणून परतीचं विमान बेटावरून निघण्याच्या दिवशीचं कधीच घेऊ नका. मेअखेरीस तिथे 'फेश ईला' हा व्हिस्कीचा उत्सव भरतो. त्या आठवड्यात खोली हवी असेल तर वर्षभर आधी हालचाल करावी लागते.

आणि गाडी कोण चालवणार, हे घरूनच ठरवून जा. स्कॉटलंडने २०१४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमवर आणली. इंग्लंडात ती ८० आहे. म्हणजे दोन घोट इकडेतिकडे झाले तरी अडचण. आमच्याकडे हा त्याग मेव्हण्याने केला. त्याचं त्याला फळही मिळालं: चालकाने आपला वाटा तिथे न पिता मागितला, तर तो छोट्या बाटलीत भरून देतात. चार दिवसांत त्याच्या खिशात अशा बऱ्याच बाटल्या जमल्या. त्यांची गोष्ट पुढे येतेच. बरेचसे रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत, मेंढ्या मधोमध बसतात, आणि समोरून येणारा प्रत्येक चालक हात हलवतो. तुम्हीही हलवा, नाहीतर तो माणूस दुखावतो.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली. पोर्ट एलनहून लफ्रॉइग, लॅगावूलिन, आर्डबेग या तिघी एका पायवाटेने जोडल्या आहेत, सगळी मिळून पाचएक किलोमीटर. लफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५च्या, लॅगावूलिन १८१६ची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गाई. मी तिन्हीकडे चाखण्याचा कार्यक्रम ठेवला होता. आर्डबेगला पोचेपर्यंत जिभेचं पायपुसणं झालं होतं. तिथे मी ज्या ग्लासाला "वा, काय धूर आहे" म्हणालो, तो पाण्याचा होता. तेव्हा त्या वाटेवर चालायला जरूर जा, पण चाखायचं एकाच ठिकाणी. बाकी दोन्हीकडे फोटो काढा, आर्डबेगच्या कॅफेत सूप प्या.

डिस्टिलरीची फेरी जन्मात एकदाच करायची असेल, तर जिथे बार्लीला अजून जमिनीवर मोड आणतात अशा ठिकाणी करा, म्हणजे किलहोमन; लफ्रॉइग आणि बोमोरमध्येही आणत, पण सध्या ते चालू आहे का ते आधी विचारून घ्या. (अशा ठिकाणीही गरजेपैकी थोडंच माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, घरचं असतं, बाकीचं बाहेरून येतं.) ओली बार्ली फरशीवर पसरलेली, कुणीतरी फावड्याने वरखाली करतोय, खोलीभर मटकीला मोड आल्यावर येतो तसला दमट वास. आजीचं नाचणीसत्त्व आठवलं. मोड आले की भट्टीत वाळवायचं, आणि त्या भट्टीत पीट जाळायचं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेल्या वनस्पतींची माती. कापून, रचून, वाळवतात. ढीग लांबून पाहिला तर थेट आपल्या गोवऱ्या. आयलाच्या पीटमध्ये किनाऱ्याचा हात असतो, म्हणून तिथला धूर लाकडासारखा न लागता दवाखान्यासारखा लागतो. मग आतल्या खोलीत व्हिस्की गाळायच्या तांब्याच्या त्या भल्यामोठ्या भट्ट्या पाहून बायको म्हणाली, "हे तर आपल्या न्हाणीघरातले बंब."

तिथून पुढे चाखण्याची सूत्रं तिच्याच हाती गेली. बायको मालवणची, नाक तसलंच. बाटलीवर लिहिलेलं हेदर, मार्झिपॅन वगैरे मी आयुष्यात कधी हुंगलेलं नाही, त्यामुळे त्या शब्दांनी मला काही कळत नव्हतं. ती म्हणे ते लगेच कळायचं. लफ्रॉइग, दहा वर्षं पिंपात मुरलेली: सोड्यांचा डबा आणि गुडघ्याला लावलेलं टिंक्चर. आर्डबेग दहा: चुलीतली राख, त्यावर लिंबाची फोड पिळलेली. लॅगावूलिन सोळा: हिंगाची धुरी दिलेली लोणच्याची बरणी, तळाशी करपलेला गूळ. बुनाहावेन बारा, जिच्यात धूर जवळपास नाही आणि शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं वापरतात: काळ्या मनुका. ब्रूकलॅडीची निळसर बाटली, तीही बिनधुराची: सातूचं पीठ. आणि खरंच, सातू म्हणजेच बार्ली की! वही न्या आणि आपल्या स्वयंपाकघरातलेच शब्द लिहा. सहा महिन्यांनी तेच आठवतात.

तुलना करायची तर जोडी नीट निवडा. माझ्या मते सगळ्यात शिकवणारी जोडी लॅगावूलिन आणि कूल ईला. मालक एक, माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातलं, धूर देण्याचं प्रमाणही जवळजवळ सारखं. तरी एक जड, तेलकट, दुसरी हलकी, लिंबासारखी. फरक गाळायच्या भट्टीत पडतो. लॅगावूलिनच्या भट्ट्या जवळपास काठोकाठ भरतात. कूल ईलामध्ये वर मोकळी जागा ठेवतात, त्यामुळे वाफ तांब्याला जास्त भिडते आणि तिचा जडपणा तिथेच राहतो. बाटल्यांवरून फिनॉलचे, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्याचे, आकडे सांगत फिरणारे लोक भेटतील. तो आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. गाळताना त्यातलं बरंच निघून जातं. नुसता आकडा बघून व्हिस्की घेणं म्हणजे आमटी न चाखता मिरच्या मोजणं.

क्रम बिनधुराकडून धुराकडे. आधी नुसता वास, तोंड किंचित उघडं ठेवून. मग एक घोट, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. मध्ये साधी बिस्किटं. आम्ही नेलेला चिवडा पहिल्या रात्री मध्ये आला आणि पुढचं काहीच कळलं नाही.

बोमोर गावात एक तास पुरे. तिथलं गोल चर्च १७६७चं. सैतानाला लपायला कोपरा नको म्हणून गोल, असं सांगतात. खाली गावाचा पोहण्याचा तलाव आहे, डिस्टिलरीने दिलेल्या गोदामात बांधलेला आणि तिच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर तापवलेला. आर्डबेगच्या पुढे किल्डाल्टनचा आठव्या शतकातला दगडी क्रॉस मात्र चुकवू नका. रविवारी बसचा भरवसा धरू नका.

शेवटच्या रात्री मेव्हण्याच्या बाटल्या टेबलावर आल्या. तो ओतणार, आम्ही डोळे मिटून ओळखणार. त्याने गुपचूप एक गोव्याची मिसळली होती, कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची 'बोल्ड'. तिच्या माल्टला धूर आयलाच्याच पीटचा, पण पिंपं गोव्याच्या उन्हात. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, गोव्यात त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे व्हिस्की लवकर पिकते. बायकोने एकदा हुंगून सांगितलं, "ही आपल्याकडची. हिला उकडतंय." बाकीच्याही तिने बरोबर लावल्या. लॅगावूलिन आणि कूल ईला यांच्यावर दोन दिवस व्याख्यान देणाऱ्या मी नेमक्या त्याच दोघींची अदलाबदल केली.

परतताना हिशेब लक्षात ठेवा: भारतात माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, आणि तिथली बाटली ७०० मिलिलिटरची. दोन बसतात, तीन घेतल्या की २.१ लिटर होतात. उरलेल्या ६०० मिलिलिटरसाठी २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या शोधा. आमच्या दोघांच्या मिळून चार मोठ्या आल्या. तिच्या वाट्याच्या दोन तिनेच निवडल्या, आणि दोन्ही कूल ईला घेतल्या.