देवळालीचा ताप

परवा दुपारी ऑफिसच्या कॉलवर सर्व्हर बंद पडला. लीड्सचा गोरा सहकारी वैतागून म्हणाला, हे असंच चाललं तर मी डूलॅली होणार. बाकीच्यांनी ते कानाआड केलं. मी म्यूटवर होते म्हणून बरं, कारण माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, ‘‘अहो, ते माझं आजोळ!’’

डूलॅली म्हणजे देवळाली. नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन. १८६१ साली तिथं छावणी पडली आणि हिंदुस्थानातली मुदत भरलेले गोरे सोल्जर मायदेशी जायच्या आधी तिथं येऊन राहू लागले. जहाजं मात्र फक्त थंडीच्या दिवसांत. हंगामातलं शेवटचं जहाज हुकलं, की पुढच्या थंडीपर्यंत मुक्काम. काम जवळजवळ नाहीच. ऊन, दारू, हिवताप आणि नुसतं बसून राहणं. मग एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. टॅप म्हणजे आपला ताप! पहिल्या महायुद्धाच्या काळात हा शब्द सोल्जरांच्या तोंडी चांगला रुळला होता. विलायतचं ‘ब्लायटी’ आणि देखोचं ‘डेको’ करणारी तोंडं तीच. पुढे ताप उतरला, डूलॅली तेवढं राहिलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपली माणसं देवळालीला जायची ती हवापालटाला. पारशांची सॅनेटोरियमं होती तिथं. ‘‘इथलं पाणी अंगी लागतं,’’ हे आजीचं पालुपद. आणि यांनी त्याच गावाचं नाव वेडाला दिलं! अर्थात आपण तरी कुठले सोवळे? मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो, पुण्यात ‘येरवड्याला’. ठाणेकरांना काय वाटत असेल, हे आजवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

पण खरं सांगू? मे महिन्यातली देवळालीची दुपार मी काढलेली आहे. उन्हात बाहेर पडायला बंदी. आजोबा घोरतायत. मी आणि मामेभाऊ ओट्यावर बसून लांबून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचो, तेही नुसत्या आवाजावरून. माझे अठ्ठावन्न, त्याचे एकसष्ट. यावरून झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची. आई शनिवारच्या पॅसेंजरनं येणार असायची आणि शनिवार काही केल्या यायचा नाही. आमचा आरडाओरडा ऐकून आजी आतून ओरडायची, ‘‘काय ताप आहे या कार्ट्यांचा!’’

हे सगळं त्या लीड्सवाल्याला सांगावं म्हणून म्यूट काढला. तोवर कुणीच काही बोलेनासं झालं होतं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत होतं. आम्ही सगळे आपापल्या चौकटीत, वाट बघत बसलेले.