माळा मिळेल का?

घर घ्यायचं ठरलं की लोक बँकेत जातात. आम्ही आधी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि पाच मीटरची टेप घेऊन आलो. साइटवरचा माणूस '६८० कार्पेट' (म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा) म्हणायचा आणि आम्ही दोघं गंभीर चेहऱ्याने माना डोलवायचो, पण ६८० चौरस फूट म्हणजे नक्की केवढं, त्यात आपलं कपाट उभं करून दार पूर्ण उघडतं का, हे काही डोळ्यांसमोर येत नव्हतं. तेव्हा आधी राहतं घर मोजायचं ठरवलं.

पुण्यात कर्वेनगरातला हा भाड्याचा फ्लॅट मालकांच्या भाषेत '८०० चा'. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरत गेलो, तर बेरीज साडेपाचशेच्या जरा वर जाऊन थांबली. राहिलेले अडीचशे फूट बाहेरच्या भिंतींत, जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि खाली मीटर बसवलेल्या खोलीत असावेत. यात मालकांची लबाडी नाही. इमारत जुनी आहे, त्या काळी सगळे 'सेलेबल' वरच, म्हणजे हे सगळं धरलेल्या आकड्यावरच बोलायचे. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात तो राबवणारं प्राधिकरण, महारेरा, मे २०१७ मध्ये सुरू झालं आणि घर कार्पेटवरच विकायचं असं ठरलं. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरायची नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असूनही विक्रीवाल्यांनी वाट काढलीच. आता 'यूजेबल कार्पेट' असतं. त्यात बाल्कनी येते, ड्राय बाल्कनी येते, कधी कधी कुंडी ठेवण्यापुरता काढलेला कट्टाही येतो. जाहिरातींवर क्यूआर कोड छापणं १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं झालंय, त्यामुळे रविवारी पेपर आला की मी पहिल्या पानावर मोबाइल धरते, महारेराकडे नोंदवलेलं कार्पेट उघडते आणि त्यातला आणि जाहिरातीतल्या आकड्यातला फरक मोठ्याने वाचून दाखवते. घरात याला कोणी करमणूक म्हणत नाही, पण ऐकतात सगळे.

मग सॅम्पल फ्लॅट. माझं प्रामाणिक मत असं की एक तरी सॅम्पल फ्लॅट माणसाने नुसता मजा म्हणून बघावा. बऱ्याच ठिकाणी आतल्या खोल्यांना दारंच नसतात, कारण दार म्हटलं की ते उघडायला जागा लागते. डबल बेडवर दोन मोठी माणसं झोपली, तर एकाला पाय दुमडावे लागतील. भिंतभर आरसा असतो, म्हणजे खोली दुप्पट आणि आपणही दुप्पट. बाथरूममध्ये बादली नाही, दाराशी चपला नाहीत, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल नाही, ओट्यावर मिसळणाचा डबा नाही. दाखवणारी मुलगी स्वयंपाकघरात माझ्याकडे वळून बोलते, 'मॅडम, इथे तुमची ट्रॉली', आणि हप्त्याचा विषय निघाला की नवऱ्याकडे वळते, 'सर, आपलं बजेट?' आमच्याकडे पोळ्या तो माझ्यापेक्षा बऱ्या करतो आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. आता तो मन लावून ट्रॉल्या उघडून बघतो आणि मी पैशांचं विचारते. तीही बिचारी हळूहळू सावरते.

पैशांचं सांगायचं तर जाहिरातीतली किंमत ही फक्त सुरुवात. ८० लाखांचा बांधकाम सुरू असलेला फ्लॅट धरा. बँक ८० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे ६४ लाख कर्ज आणि १६ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही, पण अशा घराचा भावही तेवढ्याच ऐटीत असतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी बँक सहसा पैसे देत नाही. म्हणजे स्वतःच्या खिशातून जवळजवळ २६ लाख. सोसायटीचा देखभाल खर्च, पार्किंग, पडदे आणि पंखे अजून मोजलेले नाहीत. ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांहून जास्त निव्वळ व्याजात जातात. हा तक्ता मी कागदावर मांडला तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे पहिल्या महिन्यात आपण दहा हजारांचंच घर घेतो?" हो. साधारण मोरीएवढं.

या तक्त्यामुळे घरात एक चांगली गोष्ट घडली. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ही सवलत एप्रिल २०२१ पासूनची. आधी तिला शेपूट होतं की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. ८० लाखांवर १ टक्का म्हणजे ८० हजार. नवरा-बायको दोघांचं नाव लावलं की सवलत गेली. हे कळल्यापासून स्त्रीच्या नावावर मालमत्ता असावी हा विचार आमच्या घरात झपाट्याने रुजला. सासरे तर म्हणाले, मला हे पहिल्यापासूनच पटत होतं.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमची शोधाशोध निम्मी त्यांच्या प्रश्नांनी चालते. बाबांची सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली. बदली झाली की ट्रक यायचा, दुसऱ्या गावात तसंच पिवळ्या चुन्याचं घर मिळायचं. फंडाचे पैसे आत्यांची लग्नं आणि मुलांची शिक्षणं यांत संपले. निवृत्तीनंतर आमच्याबरोबर भाड्याच्या घरात. म्हणजे हे आमचं पहिलं घर, आणि त्यांचंही पहिलंच. त्यांचं लहानपण मात्र शनिवार पेठेतल्या एका वाड्यातलं, नदीपासून हाकेच्या अंतरावरचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते शाळकरी होते. दोन खोल्यांतलं जे काही होतं ते गेलं. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. आम्हाला इतकंच माहीत होतं की बाबा नदीवरच्या कुठल्याही पुलावरून जाताना आधी पाण्याकडे बघतात.

साइटवर गेल्यावर ते कार्पेट विचारत नाहीत, क्लब हाउस बघत नाहीत. खिशातून चष्मा काढतात आणि विचारतात, "पूररेषा कुठे आहे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या मुलाला वाटलं की ते फारच आवडून विचारताहेत. तो उत्साहाने म्हणाला, "सर, आपला फुल रिव्हर व्ह्यू आहे. मास्टर बेडरूममधून सकाळी नदी दिसते. त्याचे वेगळे चार्जेस आहेत, पण तुमच्यासाठी करून देऊ काहीतरी."

नदी दिसण्याचे जादा पैसे, हे ऐकून बाबा काही क्षण गप्प राहिले. मग त्याला जवळ बसवून त्यांनी समजावलं. नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी पाळून. "तुझी बिल्डिंग कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, एवढंच सांग." मुलाला माहीत नव्हतं. त्याने वरिष्ठांना फोन लावला, वरिष्ठांनी आर्किटेक्टला. आम्हाला तोवर कॉफी मिळाली. पंचवीस आणि शंभर वर्षं ही कागदावरची भाषा आहे, पाणी कॅलेंडर बघून येत नाही, हे बाबांनी नंतर रिक्षात सांगितलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो. बाबा टीव्ही बंद करून आत निघून गेले होते. त्यामुळे या प्रश्नावर आम्ही दोघं हसत नाही, पण नंतर टेकडीवरची एक साइट बघायला गेलो तेव्हा त्यांनी "डोंगरउताराचा झोन कुठला?" असं विचारलं, तेव्हा नवऱ्याने हळूच म्हटलं की नदीही नको आणि टेकडीही नको, तर पुण्यात उरतं काय?

कागदांच्या बाबतीत मात्र ते निर्विवाद बरोबर आहेत. जमिनीचा सातबारा, एन.ए.चा म्हणजे बिगरशेतीचा आदेश, वकिलाने घेतलेला तीस वर्षांच्या मालकीचा शोध म्हणजे टायटल सर्च, बांधकाम सुरू करण्याचा दाखला. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. रिसेलचं असेल तर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का. यातलं कन्व्हेयन्स कोणी विचारत नाही. शहरात वीस-वीस वर्षं लोक राहताहेत आणि खालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, अशा सोसायट्या शोधाव्या लागत नाहीत. दुसरं, नोंदणी झालेला करार हातात नसताना बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आजच्या आज २० टक्के भरा, सोमवारी रेट वाढतोय' असं कोणी म्हणालं तर रेट वाढू द्यावा.

माझी स्वतःची पद्धत यापेक्षा खालच्या दर्जाची आहे. मी वॉचमनशी बोलते. संध्याकाळी उशिरा, ऑफिस बंद झाल्यावर, शेजारच्या तयार इमारतीपाशी उभं राहायचं आणि विचारायचं की टँकर किती येतात. 'येतात का' असं विचारायचं नाही. 'किती' म्हटलं की उत्तर मिळतं. पावसाळ्यात एकदा जायचं, म्हणजे पार्किंगमध्ये पाणी आणि टेरेसखालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसते. कामाच्या दिवशी सकाळी नऊला जायचं, कारण 'हिंजवडी पंधरा मिनिटं' हे पहाटे साडेपाचला मोजलेलं असतं.

राहिल्या सासूबाई. आईंना आकडे सांगितले की त्या "बरं" म्हणतात. एका सॅम्पल फ्लॅटमध्ये आम्ही टेप लावून हॉलची लांबी मोजत होतो. मुलगी म्हणत होती, इथे एल शेप सोफा, इथे युनिट, इथे रेक्लायनर. आईंनी पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या. मुलगी घाबरली; तिला वाटलं चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. आई बसल्या बसल्या डावीकडे हाताने अंतर घेत होत्या, उजवीकडे घेत होत्या, सरकत होत्या. पाणी येईपर्यंत त्यांचं मोजून झालं होतं. "आठ पानं बसतील," त्या म्हणाल्या. "वाढणाऱ्याला मधून जायला जागा नाही. भिंतीच्या बाजूने वाढायला लागेल." गौरींच्या जेवणाचा प्रश्न होता. वर्षातून एकदाची पंगत, पण ती होते. आणि रेक्लायनर आमच्याकडे कोणालाच नको आहे. मी तो आकडा वहीत लिहून घेतला. आता प्रत्येक फ्लॅटपुढे कार्पेट, हप्ता आणि पानं असे तीन रकाने आहेत.

चौथा रकाना त्यांनीच वाढवला: माळा. भाड्याच्या घरात पॅसेजवर जुन्या पद्धतीचा खोल माळा आहे. नवीन इमारतींत तो नसतो; 'आजकाल देत नाहीत मॅडम, क्लीन लूक जातो.' सहज म्हणून एका दुपारी माळ्यावर काय काय आहे ते खाली उतरवून बघितलं. गणपतीचं मखर, तीन भागांत. आकाशकंदिलाचा सांगाडा. शिसवी पाट सहा, त्यातला एक तुटका. हंडा, परात आणि तांब्याचा बंब. बाबांच्या बदल्यांच्या काळातली लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात पाच गावांची नावं, एकाखाली एक, आधीचं खोडून. माझ्या मुलीचा पाळणा. रिकाम्या खोक्यांचा एक डोंगर, कारण टीव्हीचं खोकं टाकायचं नसतं.

नवरा म्हणाला, यातलं अर्धं टाकू, साडेअकरा हजार रुपये फुटाच्या घरात बंब कशाला ठेवायचा? त्याने बंबाचा घेरही मोजला. किती रुपयांची जागा खातो ते काढलं आणि आईंना सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुझं लहानपणीचं आंघोळीचं पाणी यातच तापायचं. त्याचा हप्ता लाव."

सध्या एक घर जवळजवळ पसंत आहे. नदीपासून लांब, टेकडीवर नाही, टायटल वकिलाने बघितलंय, टँकर उन्हाळ्यात दोन. पानं आठ. माळा नाही. म्हणून तिथल्या फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीला मी लेखी विचारलं की पॅसेजवर आरसीसी लॉफ्ट करून द्याल का, करारात तसं नमूद कराल का. तिने 'वरती विचारून कळवते' म्हटलं. काल तिचा फोन आला. लॉफ्ट पॉलिसीत बसत नाही, पण सणाची ऑफर म्हणून त्याच जागी फॉल्स सीलिंग आणि रंग बदलणारे दिवे मोफत देताहेत. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईंनी विचारलं, त्या सीलिंगच्या वर पोकळी किती असते?