नापासांचा वर्ग, सकाळी साडेसहा

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून इंग्रजीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी लाइटच्या पोलवरून नुकताच खाली उतरलो होतो, हातात अजून ग्लोव्हज होते. मी म्हणलं बाई, मी तर दहावीला नापास झालेला, माझं मनोगत कशाला, शाळेतून डॉक्टर झालेत, पीएसआय झालेत, त्यांना विचारा की. बाई म्हणाल्या, त्यांचं येतंयच, पण त्या वर्षाचं कुणीच लिहित नाही, तू लिही. मग मी विचारलं खरं लिहू का, तर म्हणाल्या खरंच लिही. म्हणून लिहितोय.

आमची बॅच मार्च २०१०ची. नांदेड जिल्ह्यातल्या लोकांना हे साल सांगितलं की बाकी काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा श्रीकर परदेशी साहेब आमचे कलेक्टर होते आणि त्यांनी जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षा करायचं मनावर घेतलं होतं. पुढं ते सगळ्या राज्यात नांदेड पॅटर्न म्हणून गाजलं, आता कॉपीमुक्त अभियान म्हणलं की लोकांना ते आठवतं. पण आम्ही त्यात पहिल्यांदा बसलेली पोरं. आमच्या अगोदर काय चालायचं ते गावात लहान लेकराला पण माहिती होतं. माझा भाऊ २००८ला पास झाला तेव्हा सेंटरच्या मागच्या भिंतीवर माणसं अशी चढलेली असायची जशी जत्रेत कुस्त्या बघायला चढतात. गाइडची पानं, बारीक केलेली झेरॉक्स, दगडाला गुंडाळून आत फेकलेल्या चिठ्ठ्या. भावाला चुलत्यानं खिडकीतून बीजगणित पुरवलं आणि तो फर्स्ट क्लासमध्ये आला, घरी पेढे वाटले. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय. चोरी करतोय असं वाटून कुणी करत नव्हतं, लेकराला डबा नेऊन द्यावा तसं लोक चिठ्ठी नेऊन द्यायचे.

त्यामुळं नववी पास होऊन दहावीत आलो तेव्हा माझी तयारी म्हणजे काय, तर कोणत्या विषयाला कोण येणार ते ठरलेलं होतं. गणिताला चुलते, इंग्रजीला मामाचा मुलगा. डिसेंबरात माळेगावच्या यात्रेला मी तीन दिवस राहिलो, काही वाटलं नाही.

मग फेब्रुवारीत शाळेत मीटिंग झाली, पालकांना बोलावलं, आमच्याकडून शपथ घेतली. आम्ही हात पुढं करून म्हणली, मनात कुणीच धरली नाही. गणिताचे सर मात्र त्या दिवशी वर्गात येऊन बराच वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, "पोरांनो, ह्या वेळी खरंच कडक आहे. आणि तुम्हाला काय काय येत नाही ते मला माहीतच नाही. महिना राहिलाय." त्या महिन्यात सरांनी जमेल तेवढं केलं, रात्री आठपर्यंत वर्ग घेतले, लाइट गेली की कंदील. पण दहा वर्षांचं एका महिन्यात कुठं होणार.

पहिल्या पेपरला सकाळी चुलते मोटरसायकलवर माझ्या बरोबरच आले. "तू कामून घाबरायलास, मी हाय ना खिडकीपाशी" असं म्हणाले. गेटवर पोलिस, जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं, जवळची झेरॉक्सची दुकानं बंद, आत बैठं पथक बसलेलं. चुलते लांब लिंबाच्या झाडाखाली थांबले ते तिथंच. गणिताच्या दिवशी पण ते तिथंच होते. मला खिडकीतून ते झाड दिसायचं आणि त्याखाली ते दिसायचे, रुमालानं तोंड पुसत असलेले. पेपरात वर्गसमीकरण होतं, मी प्रश्न तेवढा उत्तरपत्रिकेत स्वच्छ अक्षरात उतरवून काढला आणि खाली काय लिहावं ते कळेना म्हणून परत प्रश्नच लिहिला. भूमितीला प्रमेय पाठ केलेलं होतं पण पाठातलं अक्षर अबक आणि पेपरातलं पक्र, तर मला ते प्रमेय तेच आहे हे ओळखूच आलं नाही.

जूनमध्ये तालुक्याच्या नेटकॅफेत निकाल बघितला. गणित, विज्ञान, इंग्रजी, तीन विषय गेलेले. त्याच वर्षी बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे जास्त मार्कांचे पाचच विषय धरायचं आलं होतं, पण ते टक्केवारीपुरतं, पास सगळ्याच विषयात व्हावं लागतं. दोन गेले असते तर एटीकेटीवर अकरावीला बसता आलं असतं, तीनला ते पण नाही. वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं गेली होती. गावात पारावर एकच बोलणं, कलेक्टरनं पोरांचं वाटोळं केलं. मी पण तेच म्हणत होतो. आमच्या वर्गातल्या दोन मुली नापास झाल्या आणि आषाढ लागायच्या आत त्यांची लग्नं झाली, त्या ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसल्याच नाहीत. हे मी विसरू शकत नाही आणि कुणी विसरू पण नये. खिडकी एकदम बंद केली ते बरोबरच होतं असं आज मी मनापासून म्हणतो, पण ती बंद करताना आतल्या लेकरांना अगोदर शिकवायला पाहिजे होतं, आणि ते न शिकवणं काही त्या एका वर्षाचं नव्हतं, पहिलीपासूनचं होतं.

निकालाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी गणिताचे सर आमच्या घरी आले. माझे वडील गवंडी, ते ओसरीवर जेवत बसले होते. सरांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, उद्यापासून सकाळी साडेसहाला शाळेत पाठवा, फी नाही. वडील म्हणाले, "सर, एकदा गेलं ते गेलं, आता माझ्या हाताखाली येऊ द्या की." सर म्हणाले, "साडेआठला सोडतो, मग घेऊन जा." असं ते घरोघरी फिरले. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो, पुढं एकोणीस झालो.

आणि तिथं सरांनी बीजगणित काढलंच नाही. फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि सगळ्यांना वहीत करायला सांगितलं. मी दोन छेद पाच लिहिलं. आमच्यातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं होतं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "अर्धी भाकर खाल्लीस. वर अजून तिसरा हिस्सा खाल्लास. अन् सगळं मिळून अर्ध्या भाकरीपेक्षा कमी खाल्लंस, असं कसं?" दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा कमी असतं हे मला त्या दिवशी कळलं, सोळाव्या वर्षी. पाचवीचं गणित. पाचवी ते दहावी मी पास होत आलो आणि मला अपूर्णांकाची बेरीज येत नाही हे कुणाला माहीत नव्हतं, मला पण नव्हतं.

त्या दिवशी सरांनी दोनशे पानी वही काढली. प्रत्येकाला एक पान. वर नाव, खाली काय काय येत नाही ते, तारखेसह. माझ्या पानावर होतं सतराचा पाढा, अपूर्णांक, दशांश चिन्ह कुठं द्यायचं, कंस सोडवणं, चिन्ह बदलणं, असं पान भरून. येऊ लागलं की सर लाल पेननं बरोबरची खूण करायचे आणि परत तारीख. दहा वर्षं शाळेत होतो पण मला काय येत नाही हे बसून विचारणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. आमच्या भावाला कधीच भेटलं नाही, तो पास झाला होता ना. त्याच्या पोराला गणित शिकवायची वेळ आली की तो आजही मला फोन करतो, आणि त्याचा आवाज ऐकून मला वाईट वाटतं, कारण बुद्धीनं तो माझ्यापेक्षा कमी नव्हता.

जुलैत पेरण्या झाल्यावर अपूर्णांक संपले, मग समीकरणं. एकसामयिक समीकरण सरांनी बाजाराच्या हिशोबातून शिकवलं, दोन किलो कांदा आणि तीन किलो बटाटा एवढ्याला, तीन किलो कांदा आणि दोन किलो बटाटा तेवढ्याला, तर किलोचा भाव काढ. भूमितीला रोज अक्षरं बदलायचे. आज अबक, उद्या पक्र, परवा लमन, आकृती आडवी, आकृती उलटी. आधी पक्ष लिहायचा, म्हणजे काय दिलंय ते, मग साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचंय ते, आणि दोन्ही स्वतःच्या बोलीत तोंडी सांगितल्याशिवाय सिद्धतेला हात लावू द्यायचे नाहीत. पायथागोरसच्या वेळी मला म्हणाले, आज वडिलांबरोबर कामावर जा आणि पाया आखताना बघ. मी बघितलं. वडिलांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट खूण केली आणि टोकातलं अंतर पाच येईपर्यंत दोरी सरकवत राहिले. मी म्हणलं बाबा हे पाचच कामून, तर म्हणाले, "पाच आलं की कोपरा गुण्यात येतो, माझ्या उस्तादानं सांगितलंय." गुण्यात म्हणजे काटकोनात. मी तिथंच मातीत काडीनं नऊ अधिक सोळा बरोबर पंचवीस करून दाखवलं. वडील बराच वेळ बघत बसले. त्या दिवसानंतर त्यांनी मला साडेआठला कामावर बोलावणं बंद केलं, म्हणाले दुपारपर्यंत थांब शाळेत.

इंग्रजीच्या बाई (आता तुम्हीच स्मरणिकेचं बघताय, म्हणून जास्त लिहित नाही) रोज पाच वाक्यं लिहून घ्यायच्या, काल काय केलं त्याची, गाइडमधलं एक पण चालायचं नाही. चुकलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी आम्हीच दुरुस्त करायचं. अनसीन पॅसेजची भीती त्यातूनच गेली.

ऑक्टोबरचं सेंटर तेच होतं, तालुक्याचं. बैठं पथक होतं पण मार्चसारखी गर्दी नव्हती. भूमितीच्या पेपरला माझ्या मागं बसलेल्या मुलानं, तो दुसऱ्या गावचा होता, हळूच उत्तरपत्रिका सरकव म्हणलं. मी सरकवली नाही. त्याचा मला अभिमान वगैरे वाटला नाही, उलट त्याच्याकडं बघवेना, कारण मार्चमध्ये मी असाच बसलेला होतो. आजपण वाटतं की त्याच्या गावात साडेसहाचा वर्ग असायला पाहिजे होता. पेपरातल्या प्रमेयात अक्षरं परत वेगळीच होती. मी आकृती कच्ची काढून घेतली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि मग ते आपोआप येत गेलं, पुरवणी घ्यावी लागली. बाहेर आलो तर चुलते त्याच लिंबाखाली. मी म्हणलं काका तुम्ही कशाला आलात, तर म्हणाले, काही नाही, डबा आणलाय. खरंच डबाच होता.

दिवाळी होऊन गेल्यावर निकाल लागला. विज्ञान ५१, इंग्रजी ४३, गणित अगदी काठावर. भावाच्या फर्स्ट क्लासपुढं हे काहीच नाही. पेढे वाटले नाहीत, आईनं पुरणपोळी केली आणि एक सरांच्या घरी पाठवली.

पुढं आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं. तिथं समांतर जोडणीतला रोध काढायचा पहिला प्रश्न आला, दोन ओहम आणि तीन ओहम, आणि फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन आलं. अख्ख्या वर्गात पहिला हात माझा वर गेला. उत्तर सांगताना माझा आवाज जड झाला होता, निदेशक सर विचारत होते काय झालं, मला सांगता आलं नाही. आता मी महावितरणमध्ये आहे. लाइनवर चढायच्या आधी काय माहिती आहे आणि काय नाही ते मी स्वतःला खरं विचारतो, कारण वर तारेला हात लावल्यावर कुणी खिडकीतून सांगायला येत नाही. ट्रेनी पोरं येतात त्यांना पण पहिल्या दिवशी मी विचारतो, तुला काय येत नाही ते सांग, आणि सांगितल्यावर रागावत नाही.

सर रिटायर झाले, आता मुलाकडं राहतात. फोनवर बोलणं होतं पण ऐकायला कमी येतं त्यांना. त्या दोनशे पानी वहीचं मी विचारलं तर म्हणाले शाळेतच ठेवली होती, गणिताच्या कपाटात खालच्या खणात. बाई, कार्यक्रमाच्या आधी ते कपाट उघडणार असाल तर जरा बघा. तपकिरी पुठ्ठ्याची वही आहे, माझं पान सातवं. फक्त एका ओळीपुढं खूण करायची राहिली होती, ऑक्टोबरच्या गडबडीत. सतराचा पाढा. तो आता येतो मला, सर आले तर त्यांच्यासमोर म्हणून दाखवीन, लाल पेन मी घेऊन येतो.